मुलाचे मेसेज मी वाचले. आता त्याला काय सांगू?

पत्र : माझा मुलगा १४ वर्षांचा आहे आणि मुलगी ९ वर्षांची. गेल्या आठवड्यात मुलाचा फोन चार्जिंगला लावलेला असताना सारखा वाजत होता, म्हणून मी उचलला आणि वाचतच राहिले. आम्हाला माहीत नसलेले त्याचे दुसरे अकाउंट आहे. एका ऑनलाइन गेममध्ये ओळख झालेली आणि स्वतःला १५ वर्षांची म्हणवणारी एक मुलगी तीन आठवड्यांपासून रोज रात्री त्याच्याशी बोलते. तिने त्याला गेममधली नाणी भेट दिली आहेत, शाळेच्या गणवेशातला फोटो मागवून घेतला आहे आणि आता ‘इथे नको, दुसऱ्या अ‍ॅपवर बोलू, तिथले मेसेज आपोआप पुसले जातात’ असा आग्रह धरला आहे. ‘घरी सांगू नकोस, त्यांना कळणार नाही’ असेही तिने दोनदा लिहिले आहे. मी मुलाला अजून काहीच विचारलेले नाही. माझ्या पतींचे म्हणणे आहे की फोन काढून घ्यावा आणि विषय संपवावा. मैत्रीण म्हणते की त्याच्या नकळत फोनमध्ये असे अ‍ॅप टाक, की त्याचे सगळे मेसेज तुला दिसत राहतील. धाकटी माझ्याच फोनवर व्हिडिओ पाहते आणि तिलाही आता स्वतःचे अकाउंट हवे आहे. मी काय करावे? – एक आई

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र तातडीचे असल्यामुळे हे उत्तर तुम्हाला थेट आधीच पाठवले आहे. तुमच्या संमतीने आणि ओळख पटेल असा तपशील बदलून ते येथे देत आहे, कारण याच वळणावर उभ्या असलेल्या अनेक आईवडिलांची पत्रे माझ्याकडे येतात आणि त्यांतल्या बहुतेकांना हाच प्रश्न पडलेला असतो, की जे कळले ते मुलाला सांगायचे कसे.

मुलाचा फोन चोरून वाचल्याचा अपराधीपणा आणि त्यात जे दिसले त्याची भीती, अशी दोन ओझी तुम्ही आठवडाभर वाहत आहात. पहिले ओझे आजच खाली ठेवा. तुम्ही वाचलेत ते बरे झाले. मात्र वाचले आहे हे त्याच्यापासून लपवून ठेवण्याचा काळ जितका वाढेल, तितके ते सांगणे अवघड होत जाईल, आणि एखाद्या दिवशी रागाच्या भरात ते तोंडून निसटले, तर मुलाच्या लेखी त्या अनोळखी व्यक्तीपेक्षा तुम्हीच मोठ्या अपराधी ठराल. त्यामुळे माझ्या उत्तराचा गाभा इतकाच आहे, की त्याच्याशी आजच बोला आणि फोनला हात लावण्याआधी बोला.

आता त्या ‘मुली’विषयी. ती खरोखरच १५ वर्षांची, एकटी पडलेली, बोलायला कोणी हवे असलेली मुलगी असू शकते. ऑनलाइन झालेल्या सगळ्याच मैत्र्या खोट्या नसतात आणि मुलांना तसे सांगितले, तर ती आपले पुढचे काहीच ऐकत नाहीत, कारण त्यांचा अनुभव वेगळा असतो. पण तुम्ही लिहिलेल्या चार गोष्टी सुट्या न पाहता एकत्र पाहायला हव्यात : मागितल्याशिवाय दिलेली भेट, घरच्यांपासून लपवण्याचा आग्रह, शाळा ओळखता येईल असा फोटो मागणे आणि संभाषण दुसरीकडे नेण्याची घाई. मुलांना फसवणाऱ्या प्रौढ व्यक्ती साधारण याच क्रमाने पुढे सरकतात. इंग्रजीतून आलेला ‘ग्रूमिंग’ हा शब्द यासाठी वापरला जातो. मराठीत ‘गोड बोलून जाळ्यात ओढणे’ हे त्याच्या सर्वांत जवळचे वर्णन. भेट मिळाली की मुलाला उपकाराचे दडपण येते. गुपित ठेवायला लावले, की आईवडील आपोआप ‘पलीकडच्या बाजूला’ जातात, आणि मुलाने एकदा एक गोष्ट लपवली, की पुढची लपवणे त्याला भाग पडते. गणवेशातल्या फोटोवरून शाळेचे नाव कळते, शाळेवरून मित्र आणि नातलग शोधता येतात आणि पुढे धमकी देण्याची वेळ आली, तर हीच यादी हत्यार म्हणून वापरली जाते. दुसऱ्या अ‍ॅपवर जाण्याचा आग्रह तर सर्वांत बोलका आहे. अनेक मोठ्या गेममधल्या गप्पांवर शब्द गाळणाऱ्या यंत्रणा असतात, तक्रार झाली तर संभाषणाची नोंद तपासता येते; मेसेज आपोआप पुसणाऱ्या अ‍ॅपवर असा पुरावा मागे राहणे अवघड होते. म्हणून ती व्यक्ती कोण आहे हे आपल्याला ठाऊक नसतानाही, धोका आहे असे गृहीत धरून पावले टाकणे योग्य ठरेल.

बोलण्यासाठी वेळ आणि जागा विचारपूर्वक निवडा. जेवणाच्या टेबलावर धाकट्या बहिणीसमोर हा विषय नको, आणि तुम्ही दोघे समोर बसून तो एकटा, अशी चौकशीसारखी मांडणीही नको. शेजारी शेजारी बसून किंवा चालता चालता बोलले, तर या वयाच्या मुलांना सोपे जाते, कारण सतत नजरेला नजर द्यावी लागत नाही. सुरुवात तुमच्या कबुलीने करा. शब्द तुमचे असू द्यात, पण आशय साधारण असा हवा : ‘तुझा फोन वाजत होता म्हणून मी पाहिला आणि तुझे मेसेज वाचले. तुला न विचारता वाचले, हे माझं चुकलं. पण जे वाचलं त्यामुळे मला तुझी काळजी वाटते आहे. तू काही वाईट केलंस असं मला वाटत नाही. आणि यासाठी मी तुझा फोन काढून घेणार नाही.’

शेवटचे वाक्य नक्की म्हणा, आणि ते पाळता येणार असेल तरच म्हणा. मुले अशा गोष्टी घरी का सांगत नाहीत, याचे आईवडिलांना वाटणारे कारण बहुधा ‘लाज’ हे असते. लाज असतेच, पण तिच्याइतकेच, काही वेळा तिच्याहून मोठे कारण अगदी साधे असते : सांगितले तर फोन जाईल. फोन जाणे म्हणजे त्या वयात सगळे मित्र, वर्गातल्या चर्चा, गेममधला संघ, हे सारे एकदम जाणे. फसवणाऱ्यांनाही हे माहीत असते. ‘घरी कळलं तर तुझा फोन घेतील’ हे वाक्य तेही वापरतात. ते वाक्य खोटे ठरवण्याची ताकद फक्त तुमच्या हातात आहे.

तो कदाचित म्हणेल, ‘ती तशी नाही.’ तिथे वाद घालू नका. तीन आठवडे रोज रात्री जिने त्याचे ऐकून घेतले, त्या व्यक्तीविषयी त्याला खरोखर आपुलकी वाटत असणार, आणि ‘ती खोटी आहे’ असे आपण म्हटले, की तो तिची बाजू घेण्यात अडकतो. त्याऐवजी त्याच्या बरोबरीने पडताळून पाहा. तिचा प्रोफाइल फोटो इंटरनेटवर दुसऱ्या कुणाच्या नावाने आहे का, हे चित्रावरून चित्र शोधण्याच्या सोयीने काही मिनिटांत पाहता येते. तिने कधी व्हिडिओ कॉल केला आहे का, की दर वेळी कॅमेरा बिघडलेला असतो? येथे एक सावधगिरी हवी : व्हिडिओ कॉल झाला म्हणजे खात्री पटली असेही नाही, कारण आधी रेकॉर्ड केलेला किंवा संगणकाने चेहरा बदललेला व्हिडिओ दाखवणे आता अवघड राहिलेले नाही. त्याला असेही विचारा, की ‘मला मेसेज पुसले जाणारे अ‍ॅप नको, आपण इथेच बोलू’ असे त्याने लिहिले, तर ती काय उत्तर देईल असे त्याला वाटते. खरी मैत्रीण हिरमुसली होईल आणि मान्य करेल. फसवणारी व्यक्ती रागावेल, रुसेल किंवा नाते तोडण्याची धमकी देईल. हे उत्तर त्याचे त्याला सुचले, तर ते तुमच्या दहा सूचनांपेक्षा जास्त खोल जाईल. हा प्रश्न फक्त विचार करण्यासाठी आहे. प्रत्यक्षात आता तिला काहीही लिहू नये, हे त्याला समजावून सांगा.

त्यानंतर एक प्रश्न विचारावाच लागेल, आणि तो विचारताना आवाज शक्य तितका स्थिर ठेवा : गणवेशातल्या फोटोशिवाय आणखी कुठला फोटो किंवा व्हिडिओ पाठवला गेला आहे का? उत्तर ‘नाही’ असे आले तर त्यावर विश्वास ठेवा, पण हेही सांगून ठेवा, की ‘उद्या आठवलं, परवा सांगावंसं वाटलं, तरी चालेल.’ पुष्कळ मुले पहिल्या वेळी अर्धेच सांगतात.

उत्तर ‘हो’ असे आले, तर पुढचा परिच्छेद सावकाश वाचा. खाजगी फोटो मिळवायचा आणि मग ‘पैसे दे, नाही तर तुझ्या सगळ्या मित्रांना पाठवतो’ असे धमकवायचे, या गुन्ह्याला सेक्सटॉर्शन म्हणतात. अमेरिकेच्या एफबीआयने गेल्या काही वर्षांत याविषयी वारंवार इशारे दिले असून, पैशांसाठी होणाऱ्या या प्रकारात बहुधा १४ ते १७ वर्षांचे मुलगे लक्ष्य होतात, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मी हे मुद्दाम सांगतो आहे, कारण मुलींच्या बाबतीत सावध असणारी अनेक घरे मुलग्यांच्या बाबतीत निर्धास्त असतात. मैत्रीचा टप्पा आठवडाभर चाललेला असो वा महिनाभर, धमकीचा टप्पा मात्र काही तासांचा असतो. मुलाला विचार करायला उसंत मिळू नये यासाठी मेसेजमागून मेसेज येत राहतात. अशा वेळी पैसे देऊ नका. पैसे दिल्याने धमकी थांबत नाही. हा मुलगा पैसे देतो एवढेच त्यांना कळते. संभाषण पुसू नका. धमकीच्या मेसेजचे स्क्रीनशॉट घ्या. त्या खात्याचे नेमके नाव, दुवा, तारखा आणि पैसे मागितलेल्या खात्याचा तपशील लिहून ठेवा. परंतु मुलाच्या नग्न फोटोचा स्क्रीनशॉट घेऊ नका आणि पुरावा म्हणूनसुद्धा तो फोटो कुणाला, अगदी पतींना किंवा वकिलांनाही, पुढे पाठवू नका. अल्पवयीन मुलाचा असा फोटो जवळ बाळगणे किंवा पाठवणे हा बहुतेक देशांत गंभीर गुन्हा आहे आणि चांगल्या हेतूने पाठवलेला फोटोही कुठे पोहोचेल, ते आपल्या हातात राहत नाही. फोन आहे तसा घेऊन पोलिसांच्या सायबर विभागाकडे जा. त्या अ‍ॅपमध्ये आधी तक्रार नोंदवा आणि मगच ब्लॉक करा, कारण काही अ‍ॅपमध्ये ब्लॉक केल्यावर ते प्रोफाइल पुन्हा उघडता येत नाही.

फोटो आधीच पसरला असेल किंवा पसरण्याची भीती असेल, तर आणखी एक उपाय आहे, जो फार थोड्या पालकांना माहीत असतो. अमेरिकेतील ‘नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रेन’ ही १९८४ मध्ये स्थापन झालेली संस्था ‘टेक इट डाउन’ नावाची विनामूल्य सेवा चालवते आणि ती इतर देशांतूनही वापरता येते. वयाच्या १८ वर्षांआधी काढलेल्या नग्न किंवा अर्धनग्न फोटोसाठी ती आहे. तिचे काम समजून घेतले की धीर येतो : फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. तो मुलाच्याच फोनवर राहतो, त्यावरून फक्त एक आकड्या-अक्षरांची ओळखखूण तयार होते, जणू त्या फोटोचा अंगठ्याचा ठसा, आणि तेवढीच खूण संस्थेकडे जाते. इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक, स्नॅपचॅट यांसारख्या सहभागी कंपन्या त्या खुणेवरून आपल्याकडचा तोच फोटो शोधून काढू शकतात. नाव सांगावे लागत नाही. कूटबद्ध, म्हणजे फक्त दोघांनाच वाचता येणाऱ्या खाजगी संभाषणांत मात्र हा उपाय पोहोचत नाही, म्हणून तो एकमेव आधार मानू नये.

आणि त्या रात्री मुलाला एकटे सोडू नका. धमकीला बळी पडलेल्या काही मुलांनी स्वतःचे जीवन संपवल्याच्या घटना घडल्या आहेत, त्यांतल्या काही धमकी सुरू झाल्यापासून काही तासांतल्या आहेत. तुम्हाला घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्या तासांत मुलाला कायदा, तंत्रज्ञान, पुरावा यांपैकी कशापेक्षाही जास्त गरज असते ती ‘आपण यातून बाहेर पडू, मी इथेच आहे’ हे शेजारी बसलेल्या माणसाकडून ऐकण्याची. ‘पाठवलास कशाला?’ हा प्रश्न त्या रात्री विचारू नका. खरे तर तो नंतरही विचारू नये. मुलाने असा फोटो कधीच पाठवलेला नसताना, त्याच्या साध्या फोटोवरून खोटा नग्न फोटो बनवून धमकी दिली जाण्याचे प्रकारही आता घडतात. तो ‘मी पाठवलाच नाही’ म्हणाला, तर ते खरे असू शकते.

एक चूक भल्या भल्या पालकांकडून होते, म्हणून आधीच सांगतो. मुलाच्या अकाउंटवरून, मुलगा असल्याचे भासवून, त्या व्यक्तीशी बोलून तिला ‘पकडण्याचा’ प्रयत्न करू नका. मोठ्या माणसाची भाषा समोरच्याला दोन ओळींत ओळखू येते. ती व्यक्ती अकाउंट बंद करून निघून जाते, पुरावा नाहीसा होतो आणि दुसऱ्या कुठल्यातरी घरातल्या मुलाशी तेच पुन्हा सुरू होते.

तुमच्या पतींना फोन काढून घ्यावासा वाटतो, त्यामागची घालमेल मला कळते. घरात आग लागली तर आपण आधी मुलाला उचलतो, त्याला विचारत बसत नाही. पण येथे फोन काढून घेतला, तर मूल आगीतून बाहेर येत नाही. ते आपल्याला दिसेनासे होते. अकाउंट फोनमध्ये नसते. मित्राच्या फोनवरून, शाळेतल्या संगणकावरून, जुन्या पडून राहिलेल्या टॅबवरून ते पुन्हा उघडता येते, आणि त्या वेळी मुलगा तेच संभाषण अधिक गुप्तपणे पुढे चालवेल, शिवाय आता त्याच्या मनात तुमच्याविषयी राग असेल. पतींना हे पत्र वाचायला द्या. त्यांना असेही सांगा, की मुलाशी बोलताना त्यांचे शांत राहणे तुमच्या शांत राहण्यापेक्षाही जास्त परिणाम करेल, कारण मुलाने बहुधा त्यांच्याच रागाची कल्पना करून ठेवली आहे. काही बंधने घालावीच लागतील. त्या एका संपर्काशी बोलणे थांबवावे लागेल, आणि तेवढे ठामपणे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. फक्त एका धोक्याची शिक्षा मुलाच्या सगळ्या जगाला होऊ देऊ नका.

मैत्रिणीने सुचवलेल्या गुप्त अ‍ॅपला माझा स्पष्ट विरोध आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील सोळाव्या कलमाने मुलांच्या खाजगीपणाचा हक्क मान्य केला आहे, आणि डिजिटल जगाविषयी त्याच संहितेच्या समितीने २०२१ मध्ये जे विवेचन प्रसिद्ध केले, त्यात मुलांवर त्यांच्या नकळत, सरसकट पाळत ठेवू नये, असे म्हटले आहे. हक्काचा मुद्दा बाजूला ठेवून केवळ उपयोगाचा विचार केला, तरी हिशेब जमत नाही. अशी अ‍ॅप मुलाचे सगळे मेसेज, फोटो आणि ठावठिकाणा एका तिसऱ्याच कंपनीकडे नेऊन ठेवतात, आणि अशा कंपन्यांकडून माहिती फुटल्याची प्रकरणे घडली आहेत. म्हणजे मुलाच्या रक्षणासाठी टाकलेले अ‍ॅपच त्याची सर्वांत खाजगी माहिती बाहेर पडण्याचे कारण ठरू शकते. शिवाय दिवसाला शेकडो मेसेज वाचणारी आई लवकरच थकते, किंवा मुलांच्या थट्टेतल्या प्रत्येक शब्दाने दचकते. मुलाला कळले, की तो दुसरे यंत्र शोधतो. आणि ते त्याला कळतेच.

याचा अर्थ लक्षच ठेवू नये असा नाही. उघडपणे, त्याला सांगून, त्याच्या वयाप्रमाणे कमी होत जाणारी देखरेख हवी. तुमच्या मुलाच्या बाबतीत पुढचे दोन महिने असे ठरवता येईल, की आठवड्यातून एकदा तुम्ही दोघे मिळून त्याच्या मित्रयादीतल्या नव्या नावांवरून नजर फिरवाल. मेसेज वाचायचे नाहीत, फक्त ‘हा कोण? कुठे भेटला?’ एवढेच. दोन महिन्यांनी हे बंद होईल, हेही आधीच सांगा आणि खरोखर बंद करा.

त्याच्या दुसऱ्या अकाउंटविषयी एक गोष्ट तपासायला हवी : त्यावर त्याने जन्मवर्ष कोणते लिहिले आहे? आपण मोठे असल्याचे मुले लिहितात, त्याला पालक निरुपद्रवी खोटेपणा समजतात. प्रत्यक्षात त्या एका आकड्यावर संरक्षणाच्या सगळ्या सोयी अवलंबून असतात. उदाहरणार्थ, इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४ मध्ये किशोरवयीनांसाठी वेगळी खाती आणली. त्यांत खाते आपोआप खाजगी राहते, ओळख नसलेल्या माणसाला थेट मेसेज पाठवता येत नाही आणि १६ वर्षांखालील मुलाला हे निर्बंध सैल करायचे असतील, तर पालकांची परवानगी लागते. पण जन्मवर्ष बदलून मूल कागदोपत्री २० वर्षांचे झाले असेल, तर यांतले काहीही लागू होण्याची खात्री नसते आणि अनोळखी माणसांसाठी दार उघडे राहू शकते. म्हणून ते अकाउंट बंद कर असे म्हणण्याऐवजी, ‘आपण मिळून तुझं खरं वय टाकू’ असे म्हणा. गणवेशातला फोटो कुठे कुठे सार्वजनिक आहे, हेही त्याच वेळी पाहा आणि तेथून काढा.

येथून तुमच्या मुलीकडे वळतो. तिला अकाउंट हवे आहे आणि वर्गातल्या काहींची आहेत, हे ती तुम्हाला सांगतच असणार. बहुतेक समाजमाध्यमांवर १३ वर्षे ही किमान वयाची अट आहे, आणि त्यामुळे १३ व्या वर्षी मूल त्यासाठी तयार होते, असा समज पसरला आहे. हा आकडा मुलांच्या मनाच्या वाढीवरून ठरलेला नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये झालेल्या कायद्याने १३ वर्षांखालील मुलांची माहिती गोळा करण्यासाठी पालकांची संमती आवश्यक केली. संमती मिळवत बसण्यापेक्षा त्या वयाखालच्या मुलांना नाकारणे कंपन्यांना सोपे वाटले, आणि तीच रेषा जगभर पसरली. तेव्हा आजची समाजमाध्यमे अस्तित्वातही नव्हती. युरोपीय महासंघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या नियमांत पालकांच्या संमतीची ही वयोमर्यादा १६ आहे, मात्र सदस्य देशांना ते १३ पर्यंत खाली आणण्याची मुभा आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना अनेक मोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली, आणि त्या कायद्यात दंड मुलांना किंवा पालकांना नाही, तर कंपन्यांना आहे. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. इतकी वर्षे सगळा भार आईवडिलांवर टाकला गेला. तो कुणी तरी कंपन्यांच्या दारात नेऊन ठेवला, हे योग्यच झाले. कायदे बदलत राहतील. नऊ वर्षांच्या मुलीसाठी माझे उत्तर मात्र सरळ ‘नाही’ असे आहे, आणि ते तुम्ही फार स्पष्टीकरणे न देता, प्रेमाने आणि न डगमगता सांगू शकता.

मात्र ती तुमच्या फोनवर व्हिडिओ पाहते, त्याकडे तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त लक्ष द्यायला हवे. ती तुमच्या, म्हणजे प्रौढ व्यक्तीच्या, अकाउंटवरून पाहत असते, तेव्हा ते अ‍ॅप तिला प्रौढ समजूनच पुढचा व्हिडिओ सुचवते. यूट्यूबने २०२१ मध्ये १३ ते १७ वयोगटाच्या खात्यांसाठी एकामागून एक व्हिडिओ आपोआप सुरू होणे मुळातच बंद ठेवले; तुमच्या खात्यावर तशी सोय आपोआप मिळणार नाही. तिच्यासाठी मुलांचे वेगळे प्रोफाइल तयार करा. अँड्रॉइडवर गूगलची २०१७ पासूनची फॅमिली लिंक ही सोय वापरून कोणते अ‍ॅप उतरवायचे याची परवानगी आणि दिवसाची वेळ ठरवता येते. आयफोनमध्ये मुलांच्या खात्यासाठी तशाच सोयी आहेत, शिवाय मेसेजमध्ये नग्न फोटो आला किंवा पाठवायला घेतला, तर तो धूसर करून मुलाला थांबवणारी एक सोय २०२१ पासून आहे. सगळ्या सोयी लावा, पण त्या लावताना मुलीला शेजारी बसवा आणि प्रत्येक कशासाठी आहे ते सांगा. आणि आठवड्यातून काही वेळा तिच्याबरोबर तिचे आवडते व्हिडिओ पाहा, कंटाळा आला तरी. पडद्यावर काही विचित्र दिसले, की आईला दाखवायचे असते, ही सवय नवव्या वर्षी लागली, तर चौदाव्या वर्षी ती नव्याने लावावी लागत नाही.

रात्रीचा एक नियम घरातल्या चौघांसाठी करा : झोपताना सगळे फोन एकाच ठिकाणी, झोपायच्या खोल्यांच्या बाहेर, चार्जिंगला. तुमचेही. मुलाचे ते सगळे संभाषण रात्रीच होत होते, हे तुम्हीच लिहिले आहे. दिवसभराच्या थकव्यानंतर, अंधारात, एकटे असताना माणूस जे लिहितो, ते सकाळी लिहीत नाही, आणि फसवणाऱ्यांना ही वेळ नेमकी माहीत असते. गजराचे कारण कुणी सांगितले, तर एक साधे घड्याळ आणून द्या.

राहता राहिली शक्यता ही, की आजचे बोलणे चांगले होणार नाही. तो चिडेल, ‘माझा फोन का पाहिलास?’ असे ओरडेल, दार लावून घेईल. तसे झाले, तर दाराबाहेरून समजावत राहू नका. ‘तुझं रागावणं बरोबर आहे. तिला आज काही लिहू नकोस, एवढंच कर. मी बाहेर आहे,’ इतके सांगून थांबा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करा. तुमच्याशी बोलणे त्याला अगदीच अवघड जात असेल, तर मामा, आत्या, मोठे चुलत भावंड, शाळेतले समुपदेशक, ज्याच्याशी तो मोकळेपणाने बोलतो अशा एका माणसाचे नाव त्याने स्वतः निवडावे, असे सुचवा, आणि त्या माणसाला काय काय सांगितले याचा अहवाल मागू नका. मात्र फोटो पाठवला गेल्याचे किंवा धमकी आल्याचे कळले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच रात्री तक्रार नोंदवा. पोलिसांकडे जाताना तुम्ही दोघेही त्याच्याबरोबर जा, आणि तेथे त्याला जे सांगायचे आहे ते त्यालाच त्याच्या शब्दांत सांगू द्या.